नटून दवाखान्यात जाणारी सुजाता

सुजाता रामटेके दवाखान्यात जायची तशी माणसं लग्नालाही जात नाहीत. आदल्या दिवशी साडीला इस्त्री, सकाळी डोक्याला तेल, वेणीत अबोली, टिकली कपाळाच्या अगदी मधोमध. मग माझ्या दारात उभी राहून आवाज द्यायची, "काकू, चलून राहिल्या का नाही? डाक्टरीन बाई वाट पाहून राहिली असन!" डॉक्टरीणबाई काही कोणाची वाट पाहत बसलेली नसायची. ती नागपूरहून महिन्यातून एकदा गोंदियाला यायची आणि तिच्या दारात गावोगावची आखडलेली माणसं सकाळपासून बसलेली असायची. पण हे सुजाताला सांगायचं कोणी? आजाऱ्यासारखं दिसणं तिला मंजूरच नव्हतं.

मी गोरेगावची बिसेन शिलाईवाली. बाजाराच्या रस्त्यावर माझं दुकान, मागे घर, आणि घराच्या अर्ध्या भागात सुजाता आणि तिचा नवरा अशोक भाड्यानं राहायचे. अशोक राइस मिलमध्ये फिटर आणि सुजाता एसटीत कंडक्टर. माझं तोंड फाटकं आहे असं गावात म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. सुजाताचं माझ्यापेक्षा फाटकं होतं, म्हणूनच आमचं जमलं.

तिच्या बसमध्ये बसणं म्हणजे तमाशाच होता. दारात लोंबकळणाऱ्या पोरांना म्हणायची, "काऊन गा, दाराले पहारेकरी लागले का तुमी? आत सरका!" कोणी पुढाऱ्याचा माणूस रुबाब दाखवायला लागला की हात जोडायची, "दादा, तुमी बहुत मोठे आसान, पन सीट येवढीच हाये." गर्दीत म्हातारी दिसली की जवान माणसाच्या खांद्यावर बोट ठेवायची आणि नुसतं त्याच्याकडे पाहत राहायची. तो उठायचा. गोंदियाचे हिंदी बोलणारे व्यापारी तिला 'मॅडमजी' म्हणायचे, ती त्यांना "भैया, थैला गोद में लो, थैले का सीट नहीं रहता" म्हणायची. बस सुटायच्या आधी एकदा मागून पुढं सगळ्यांच्या अंगावरून नजर फिरवायची आणि मगच घंटी मारायची. ती घंटी मारणारा हात मला आजही दिसतो. लांब बोटं, हिरव्या बांगड्या, मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ.

त्याच हातानं दगा दिला. सुरुवात कशी झाली ते मी पाहिलं, कारण दुखणं आधी माझ्या दुकानात आलं. एक दिवस खाकी शर्ट घेऊन आली आणि म्हणाली, "काकू, याचे बटन काढा, टिचबटन लावून द्या." मी विचारलं, "काऊन वं, बटनाले काय झालं?" म्हणाली, "घाई होते सकारी." मी लावून दिले. पंधरवड्यानं पुन्हा आली, बाहीची मोहरी सैल करायला. मनगट सुजलेलं होतं, मेजपट्टी लावताना मला हाताला गरम लागलं. मी म्हटलं, "हे काय?" तर म्हणे, "झोपेत हात दबला." रोज झोपेत हात दबतो का कोणाचा? पुढं भिंतीपलीकडून सकाळी अशोकचा आवाज यायला लागला, "थांब, मी लावून देतो. थांब ना, वेणी मी घालतो." नवऱ्यानं बायकोची वेणी घालायची म्हणजे प्रेम असेल असं मला वाटलं. प्रेम होतंच. पण सकाळी उठल्यावर दोन-दोन तास तिच्या बोटांना वेणीचे पेड धरता येत नव्हते.

डॉक्टरीणबाईनं रक्त तपासलं, फोटो काढला आणि सांगितलं की हा संधिवात म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्याचा नाही. अंगातली फौज आपल्याच सांध्यांवर उलटते, तो आहे. एक गोळी दिली, आठवड्यातून फक्त एकदा घ्यायची. बाईनं तीनतीनदा बजावलं, आठवड्यातून एकदाच, चुकून रोज घेऊ नका, भारी औषध आहे.

आता कंडक्टरला वार कुठं ठाऊक असतो? आज पहिली पाळी, उद्या शेवटची, सुट्टी कधी मंगळवारी, कधी शनिवारी. सुजाता वार ओळखायची गर्दीवरून. बसमध्ये टोपल्या, कोंबड्या, रिकाम्या पिशव्या चढल्या की आज बाजार. तिनं गोळीची गाठ बाजाराशी मारली. बाजाराची गर्दी दिसली की घरी येऊन गोळी घ्यायची. असं महिनोन्‌महिने बरोबर चाललं. मग तिची ड्युटी मध्येच दुसऱ्या रस्त्याला लागली, तिकडच्या गावाचा बाजार वेगळ्या दिवशी. टोपल्या चढल्या, कोंबड्या चढल्या, आणि ही घरी येऊन गोळी घेऊन मोकळी! दोन-तीन दिवसांनी ड्युटी परत आली, इकडचा बाजार भरला, पुन्हा गोळी. असं दोन-तीन हप्ते झालं. तोंडात फोड आले, पाणी पिववेना. तेव्हा कुठं अशोकनं गोळ्यांचं पाकीट पाहिलं आणि डोक्याला हात लावला. डॉक्टरीणबाईनं फोनवरच गोळी थांबवली, रक्त तपासायला लावलं, आणि नंतर समोर बसवून अशी झाडली की बाहेरच्या बाकावर मला ऐकू आलं. सुजाता बाहेर आली ती हसतच. "काकू, कोंबड्याइनं मारलं असतं ना मले आज." मला हसू आलं नाही. मी तिला रस्ताभर शिव्या दिल्या. गोळी पुन्हा सुरू झाली तेव्हापासून अशोक ती स्वतःच्या हातानं द्यायला लागला.

गोळीनं गुण आला, हे मात्र मान्य करायला पाहिजे. सूज उतरली, मनगट पहिल्यासारखं दिसायला लागलं, मी बाहीची मोहरी पुन्हा आत घेतली. आणि हात सुधारला तसं सुजाताच्या मनात जे दाबून ठेवलेलं होतं ते वर आलं. तिला लेकरू पाहिजे होतं.

आजारपणाच्या आधी एकदा राहिलं होतं आणि गेलं होतं. मग हे दुखणं आलं. आता तिनं पस्तिशी ओलांडली होती. कामठ्याची सासू स्वभावानं चांगली, तोंडानं काही बोलत नव्हती, पण दर वेळी येताना कोणाच्या तरी बाळाची टोपडी घेऊन यायची आणि माझ्याकडून शिवून न्यायची. सुजाता त्या टोपड्यांकडे पाहायची नाही. पाहत नाही हेच मला दिसायचं आणि माझा जीव तुटायचा.

अडचण गोळीची होती. ती चालू असताना दिवस राहता कामा नयेत, पोटातल्या बाळाला अपाय होतो. बंद केल्यावरही काही महिने थांबायचं. आणि बंद केल्यावर आजार उसळला तर हात जायचा, नोकरी जायची, बाळाला उचलणार कोण? सुजातानं डॉक्टरीणबाईला सरळ विचारलं, "मॅडम, मी बरी झाली का नाही ते सांगा. बरी असन त गोळी बंद करा."

मी त्या दिवशी आत होते. बाईनं सुजाताच्या हाताचा एकेक सांधा दाबून पाहिला. "इथे दुखतं? इथे? इथे?" सुजाताचं उत्तर एकच, "नाही. नाही जी. काहीच नाही." चेहऱ्यावर आठी नाही. बाईनं रक्ताचा कागद पाहिला, तोही ठीक. मग बाई जरा मागे टेकली आणि म्हणाली, "हाताला लागतंय त्यावरून आजार शांत आहे. पण कधी कधी वरून सगळं शांत दिसतं आणि सांध्याच्या आतल्या अस्तराला सूज राहून जाते. बोटांनी कळत नाही, साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाही. एमआरआयमध्ये दिसते. सगळ्यांचा मी काढत नाही, गरज नसते. पण तुम्हाला औषध सोडायचंय, बाळ हवंय. मला आत पाहू द्या."

अस्तर म्हटल्यावर मला पटकन समजलं. ब्लाउज वरून कितीही चांगला दिसो, अस्तर उसवलं असेल तर एका धुण्यात कळतं.

एमआरआयची तारीख मिळाली. अशोकला मिलमधून सुट्टी नव्हती, म्हणून मी गेले. सुजाता नेहमीसारखीच तयार. गोंदियाच्या त्या सेंटरमध्ये थंडी अशी की माझे दात वाजायला लागले. एक पोरगेला टेक्निशियन आला आणि म्हणाला, "दीदी, सब निकालना पडेगा. चूड़ी, मंगळसूत्र, पिन, पायल, बिछिया, सब." बांगड्या उतरल्या. मंगळसूत्र माझ्या पिशवीत गेलं. केसांच्या पिना गेल्या, अबोली खाली पडली. राहिली जोडवी.

एका पायाची निघाली. दुसऱ्या पायाचं एक निघेना. सुजाता खाली बसून ओढायला लागली, मग म्हणाली, "राहू द्या ना भैया, चांदीचं हाये." तो म्हणाला, "नहीं दीदी, नियम है." मी वाकून पाहिलं. बोट सुजलेलं होतं. जोडवं मांसात रुतून बसलं होतं. डॉक्टरीणबाईनं प्रत्येक वेळी हात पाहिले, मनगटं पाहिली, गुडघे पाहिले. पायाची बोटं चपलेत होती.

मी म्हटलं, "सुजाता, हे कधीपासून?" तिनं पाय आखडून घेतला. साबण लावला, नाही निघालं. मग मी पिशवीतून दोऱ्याचं रीळ काढलं. दोऱ्याचं टोक जोडव्याखालून सरकवलं आणि बोटाला घट्ट गुंडाळत नेलं, म्हणजे बोट दबतं आणि त्यावरून जोडवं हळूहळू सरकतं. चांगल्या बोटालाही हे दुखतं. मी दोरा ओढत होते आणि तिच्याकडे पाहत होते. तिच्या कपाळावर घाम आला. एवढ्या थंडीत! ओठ पांढरे पडले. पण तोंडातून 'हाय' नाही की 'आई गं' नाही. जोडवं निघालं तेव्हा तिनं फक्त भिंतीला डोकं टेकवलं.

"दुखते," मी म्हटलं. "तुझं दुखते. बहुत दुखते."

"हळू बोला."

"मी हळू नाही बोलत. बाईले सांगतेच मी."

तेव्हा तिनं माझा हात धरला. त्या पकडीत जोर नव्हता, आणि ते मला त्याच दिवशी पहिल्यांदा जाणवलं. म्हणाली, "काकू, हा फोटो साफ आला त मले लेकरू होईल. नाही आला त नाही होनार. मंग माझं वय निघून जाईल. तुमी मंधात येऊ नका. पाया पडते."

आत बोलावलं आणि ती गेली.

दाराच्या काचेतून थोडं दिसत होतं. तिला पालथं झोपवलं, उजवा हात डोक्यापुढं ताणून एका पेटीसारख्या साच्यात बसवला, वर पट्टे आवळले. दुसऱ्या हातात रबरी फुगा दिला. "तकलीफ हुई तो दबाना, हम रोक देंगे. पर हाथ हिला तो फोटो खराब, फिरसे करना पडेगा." मग दार बंद. मग तो आवाज सुरू झाला. बाप्पा रे! राइस मिलचा पट्टा तुटल्यावर होतो तसा, आणि थांबायचं नावच नाही. मध्येच बंद व्हायचा, मला वाटायचं संपलं, की पुन्हा दुसऱ्या सुरात सुरू. मध्ये आत जाऊन तिच्या शिरेत कसलंसं औषध सोडलं, म्हणजे सूज फोटोत उजळून दिसते म्हणे. पालथं पडून, खांदा ताणून, हात दगडासारखा ठेवायचा, आणि सांधे आतून ठणकत असलेले. मी बाहेर बसून हातात तिच्या बांगड्या घेऊन त्या फुग्याच्या घंटीची वाट पाहत होते. वाजू दे, असं वाटत होतं. एकदा तरी वाजव ना बाई, दुखते म्हण ना.

नाही वाजली.

तो पोरगा बाहेर आला तो खूश होऊन. "आंटी, दीदी तो कमाल की है. एक बार भी नहीं हिली. इतनी साफ फोटो किसी की नहीं आती." सुजाता मागून आली. हात खाली सोडलेला, चेहरा राखेसारखा. त्याचं बोलणं ऐकून ती हसली आणि मला म्हणाली, "पाहा, साफ आला म्हनते." पोरगा कशाला साफ म्हणत होता ते आम्हाला दोघींनाही तेव्हा कळलं नाही.

रिपोर्ट दाखवायचा तो दिवस उजाडेपर्यंत आमच्या घरात कोणी नीट जेवलं नाही. मी कपडे उलटे शिवले, एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची डावी बाही उजवीकडे लावली. अशोक संध्याकाळी माझ्या दारात येऊन उभा राहायचा, काहीतरी विचारायचं असायचं, आणि "बरं, जातो" म्हणून परत जायचा. त्याला मी काही सांगितलं नाही, पण नवऱ्याला काय कळत नसेल? सुजाता मात्र रोज ड्युटीवर. आवाज तोच, घंटी तीच. मी मनात ठरवून ठेवलं होतं, रिपोर्ट चांगला आला तरी मी बाईसमोर पायाचं बोट दाखवणार, मग सुजाता जन्मभर बोलली नाही तरी चालेल.

माझ्यावर ती वेळ आलीच नाही. डॉक्टरीणबाईनं कॉम्प्युटरवर फोटो लावला. करड्या रंगाची हाडं, आणि मनगटाच्या हाडांभोवती पांढरं पांढरं पसरलेलं, दोन हाडांच्या आतही पांढरं. बाई म्हणाली, "हे पांढरं म्हणजे सूज. अस्तराला आहे आणि हाडाच्या आतही आहे. हाडाच्या आतली सूज म्हणजे पुढं इथं हाड झिजायला लागेल. सुजाताताई, आजार शांत नाही. चालू आहे." मग ती सुजाताकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, गोंधळ होता. "मी याच जागी दाबलं होतं. तुम्ही हूं की चूं केलं नाही. असं कसं?"

अशोक, मी, बाई, तिघं सुजाताकडे पाहत होतो. सुजाता खाली पाहत होती. मग म्हणाली, "मी पुडी खाऊन येत होती जी."

"कसली पुडी?"

बाहेर आलं हळूहळू. बसस्टँडामागे एका दुकानात पुडी मिळायची, दोन-तीन रंगाच्या गोळ्या कागदात गुंडाळलेल्या. खाल्ली की दिवसभर दुखणं नाही, सूजही बसते. रोज नाही खायची ती. दवाखान्यात यायचं असलं की आदल्या दिवसापासून खायची. एमआरआयच्या दिवशीही खाल्ली होती, पण त्या दिवशी ती पुरली नव्हती.

अशोक एकदम उभा राहिला. "काऊन पन? काऊन खाल्ली?" तो ओरडला. मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा ओरडताना पाहिलं.

सुजातानं वर पाहिलं. तिला खरंच समजत नव्हतं की हे काय विचारताहेत. "घरी पाव्हना येनार असन त आपन आंगन झाडतो का नाही? येवढी मोठी डाक्टरीन, नागपूरवरून येते. तिच्यासमोर कन्हत जाऊ का मी? मी हात झाडून आनत होती."

मी तिला काय-काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मूर्ख म्हटलं, बेअक्कल म्हटलं, तिच्या आईबापाचा उद्धार केला आणि सगळं बोलून झाल्यावर तिच्या गळ्यात पडून रडले. कारण मला ते समजत होतं. आमच्याकडच्या कोणत्या बाईला समजणार नाही? माझी आई मरायला टेकली तेव्हा दवाखान्यात न्यायच्या आधी तिनं माझ्याकडून लुगडं बदलून घेतलं होतं. आम्ही बाया दुखणं दाखवायला जातो आणि दुखणंच घरी ठेवून जातो.

डॉक्टरीणबाईनं खुर्ची सुजाताजवळ ओढली. "त्या पुडीत बहुतेक स्टेरॉइड असतं. हाड पोकळ होतं त्यानं, साखर वाढते. ती बंद करायचीच. पण मनानं एकदम सोडायची नाही, किती खाल्ली ते मला सांगा, मी उतरवून देते. आणि माझ्याकडे येताना अंगण झाडायचं नाही. केर आहे तसा दाखवायचा. मला केरच पाहायचा आहे. चपला काढा."

सुजातानं चपला काढल्या. बाईनं पायाचं बोट दाबलं. "दुखतं?"

सुजाताचे डोळे भरून आले. तिनं हो म्हणून मान तेवढी हलवली.

मग बाईनं सांगितलं की मुलाचा विचार सोडू नका. जुनी गोळी हळूहळू बंद करून अशी औषधं देते जी गर्भालाही चालतात. पण आधी आतली आग विझू दे. पुन्हा एमआरआय काढू. तोवर दिवस राहू द्यायचे नाहीत. "थांबाल?" असं तिनं विचारलं. सुजाता म्हणाली, "वय नाही थांबत मॅडम." बाई म्हणाली, "माहीत आहे. म्हणून तर आता खोटं बोलायला वेळ नाही आपल्याला."

ते वर्ष आम्ही सगळ्यांनी मुठीत जीव धरून काढलं. शेतात रोवणे झाले, धान निसवले, कापले, चुरून पोत्यात भरले, आणि सुजाताचं एकच काम, अंगात काय चाललंय ते खरं सांगायला शिकणं. ते तिला आयुष्यात जमलेलं नव्हतं. अशोक सकाळी विचारायचा, "आज कुठं?" ती म्हणायची, "काही नाही." तो चहाचा कप हातात देऊन पाहायचा, बोटं कपाच्या कानाभोवती वळतात का. मग ती चिडायची, भांडी आपटायची. भिंतीपलीकडून मी ओरडायची, "सांग ना वं, जीभ झडली का तुयी?" दवाखान्याच्या दिवशी मी स्वतः तिच्या पिशवीत, पदरात पुडी शोधायची. तिला राग यायचा. येऊ दे.

दुसऱ्यांदा त्याच मशीनमध्ये गेली तेव्हा मी बाहेर बसलेच नाही. रस्त्यावर उभी राहिले. मला तो आवाज ऐकवत नव्हता. या वेळी फोटो लावल्यावर बाईच्या तोंडाकडे आम्ही आधी पाहिलं आणि फोटोकडे नंतर. बाई म्हणाली, "पांढरं गेलंय. आत शांत आहे." सुजाता म्हणाली, "अजून एकदा पाहा जी." बाईनं पाहिलं. "शांत आहे." सुजाता म्हणाली, "पायाचं बोट?" बाई खळखळून हसली, "दाबून पाहिलंय मी, तुम्ही ओरडला नाहीत." "खरोखर नाही ओरडली जी," सुजाता म्हणाली, "पुडी नाही खाल्ली, यायले विचारा," आणि माझ्याकडे बोट केलं. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसून गोरेगाव येईपर्यंत रडली, आणि अशोकही रडला, आणि मी दोघांना गप्प बसा म्हणत स्वतः रडत होते.

दिवस राहिले. त्या महिन्यांत तिचे हात इतके चांगले होते की ती माझ्या दुकानात येऊन हौसेनं काजं करायची. पोटात बाळ असताना हा आजार बऱ्याचजणींचा झोपतो, असं बाईनं सांगितलं होतं. आणि हेही सांगितलं होतं की बाळंतपणानंतर तो पुष्कळदा उठतो. "माहीत असू द्या," असं म्हणाली होती. सुजाता म्हणाली, "उठला त उठला. मी बी उठीन."

मुलगी झाली. गोरीपान नाही, काळीसावळी, आईसारखी लांब बोटं. सासू टोपडं घेऊन आली, पण या वेळी शिवून घ्यायला नाही, घालायला.

आणि तो उठला. बाईनं सांगितलं होतं तसाच. मुलगी तीन महिन्यांची व्हायच्या आतच एका सकाळी भिंतीपलीकडून बाळाचं रडणं येत राहिलं आणि कोणी तिला उचलेना. मी धावत गेले. अशोक पाळीवर गेलेला. सुजाता पलंगाच्या कडेवर बसली होती, दोन्ही हात मांडीवर उताणे, बोटं आखडलेली, बाळ समोर. तिला उचलता येत नव्हतं. मी बाळाला घेतलं. मला राहवलं नाही, मी विचारलं, "पस्तावून राहिली का?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच वेडी. "कायले?" म्हणाली. "तिले पाहा ना."

मी तिला शेवटचं पाहिलं ते त्यानंतर दोन दिवसांनी. अशोकला सौंदडकडच्या मिलमध्ये जागा मिळाली होती, तिनंही तिकडे बदली मागून घेतली होती, सामान आधीच गेलं होतं. गोंदियाला पुन्हा एमआरआय काढायचा होता, आत किती पेटलंय ते पाहायला, आणि तिथूनच परस्पर सौंदडला जायचं होतं. मी स्टँडवर पोचवायला गेले. सुजाता आली ती घरच्या साडीतच. साडी चुरगळलेली, केस तसेच गुंडाळलेले, कपाळ रिकामं, सुजलेल्या पायात अशोकच्या रबरी चपला. बाळ अशोकच्या खांद्याशी. माणसं पाहत होती, ओळखीची माणसं, जन्मभर तिच्या बसमध्ये बसलेली माणसं.

बस लागली. कंडक्टर तिच्याच हाताखाली शिकलेला पोरगा. धावत आला, "मॅडम! कशा हाय मॅडम?" मला वाटलं आता म्हणेल, बरी हाये, काय धाड भरली मले. ती पायरीशी थांबली. सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दुखून राहिलं गा. हात दुखून राहिले, पाय दुखून राहिले, मान दुखून राहिली. माझ्यानं नाही चढवत. मले चढव."

तो पोरगा घाबरला, मग वाकला, आणि तिनं दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर टाकले. तिला वर घेताना ती "आई गं" म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. सीटवर बसवल्यावरही ती कण्हत होती, खिडकीतून माझ्याकडे पाहून कण्हतच होती, आणि मी खाली उभी राहून वेड्यासारखी मान हलवत होते, हो, हो बाई, असंच सांग. अशोकच्या मांडीवरची ती एवढीशी पोरगी आईच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती, आणि तो नवा आवाज ऐकून हसत होती.